एव्हारिस्तला शराटी नको

सँ-लोराँ,
१४ जानेवारी

चि. एव्हारिस्त यास ताईचे आशीर्वाद.

आधी बस. दारात उभ्या उभ्या पत्र वाचायचं आणि अर्ध्यात खिशात कोंबायचं, ही तुझी खोड मला ठाऊक आहे. फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस, म्हणून लिहितेय. बसलास? मग ऐक. यंदाच्या तांबड्या शराटीसाठी, म्हणजे त्या लाल पक्ष्याच्या पुरस्कारासाठी, तुझं नाव निघालंय!

कुरूच्या अवकाश गौरव समितीच्या अध्यक्ष मादाम देल्कूर यांचं पत्र काल मला आलं. तुला त्यांनी दोनदा लिहिलं, तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून बिचारीनं शेवटी बहिणीला गाठलं. रॉकेटची इंजिनं करणारे, उपग्रह बांधणारे, जर्मनीचे, इटलीचे असे सगळे सूटबूट घालून त्या दिवशी रांगेत बसतात. त्या रांगेत यंदा आमचा एव्हारिस्त. तोही ‘जीवनकार्य’ विभागात!

नाव कुणी पाठवलं म्हणून विचारशील. मी पाठवलं. दुसरं कोण पाठवणार, तुझी बोट? शिफारशीत मी लिहिलं की रॉकेट ज्यांच्या डोक्यावरून जातं त्या साल्यूच्या बेटांवर माणसं राहतात, उड्डाणाच्या आधी त्यांना एकूण एक उचलून किनाऱ्याला आणावं लागतं आणि बेटं रिकामी झाल्याचा निरोप माझ्या भावाकडून आल्याशिवाय केंद्रातले मोठेमोठे विद्वानसुद्धा बटणाला बोट लावू शकत नाहीत. यात एक अक्षर खोटं नाही. थोडं मीठमसाला लावून लिहिलंय, पण ते शिफारशीत चालतं.

समारंभ ६ मार्चला. मी मद्रासी चौकड्याच्या कापडाचा झगा शिवायला टाकलाय. चर्चच्या गायनमंडळातल्या बायकांसाठी छोटी बस ठरवलीय. आपल्या घराण्यात आजवर कुणाला काही मिळालं असेल तर ते मलेरिया. तेव्हा कृपा करून बूट विकत घे. चपलांवर स्टेजवर चढलास तर मी तुला ओळख देणार नाही.

तुझी ताई,
लेओंतीन

---

कुरू,
२० जानेवारी

ती. ताईस सा. न.

बसून वाचलं. वाचून उठवेना.

ताई, हे काय करून बसलीस गं? तू सँ-लोराँला लेकीकडे राहायला गेलीस आणि इथलं वारं विसरलीस. तुला माहीत नाही ‘जीवनकार्य’वाली शराटी कुणाला देतात? फाटकावरच्या सँफोरियँला दिली. टाळ्या झाल्या, फोटो झाला, आणि पुढच्या महिन्यात फाटकावर यंत्र बसलं. खानावळवाल्या झोएबाईला, आपल्या मान झोएला, दिली. तिनं आनंदानं सगळ्यांना फुकट ब्लाफ खाऊ घातलं, आणि त्या माशाचा वास जायच्या आत तिचं स्वयंपाकघर दुसऱ्याला गेलं. आपल्या गावात कुणाला ‘उद्यापासून येऊ नका’ असं तोंडावर सांगायची पद्धत नाही. वाईट दिसतं ना! म्हणून पक्षी देतात. घरात पक्षी आला की समजायचं, नोकरी उडाली.

आमच्या कंत्राटदाराचा साहेब म्हणजे फिर्मँ, तुझाच विद्यार्थी. परवा मला म्हणाला, “तोंतों, काका, आता तुम्ही आराम करायला पाहिजे.” इतकं गोड तो आयुष्यात बोलला नव्हता. धक्क्याच्या मागे ताडपत्रीखाली एक नवी कोरी पांढरी बोट येऊन पडलीय. तिला दोन इंजिनं आहेत. मी ताडपत्री उचलून पाहिली.

मार्चच्या मध्याला उड्डाण आहे. शराटी घेतली तर त्या दिवशी बेटावर ती पांढरी बोट जाणार आणि मी किनाऱ्यावरून बघणार. मला ते नको.

म्हणून मी समितीला स्वतः पत्र टाकलंय. माझे सगळे गुन्हे लिहून कळवलेत. बेटावर पाहुणे ठेवणाऱ्या मान उर्सुलकडचा, फ्रान्सहून आलेला एक ब्रेताँ दोरीच्या झोळीत झोपला होता, त्याला मी बेटावरच विसरलो आणि रॉकेट त्याच्या डोक्यावरून गेलं. हे लिहिलं. एकदा पोलीस हवालदाराची पेटी मागे ठेवून मी बोटीत मान उर्सुलचा मोर घेतला. हेही लिहिलं. आता असल्या माणसाला कोण पक्षी देईल?

बसचं रद्द कर.

तुझा,
एव्हारिस्त

---

सँ-लोराँ,
२६ जानेवारी

चि. एव्हारिस्त,

तुला मी चांगली ओळखते. तुला बूट घालायचे नाहीत, आणि स्टेजवर चार वाक्यं बोलायची भीती वाटते. तेवढ्यासाठी तू सँफोरियँ, झोए आणि ताडपत्री असं सगळं पुराण रचलंस. शाळेतही पाठांतराच्या दिवशी तुझं पोट दुखायचं.

आणि समज, गेली बोट. जाईना का! बासष्ट वर्षांचा झालास. पहाटे उठून खारं पाणी अंगावर घ्यायचं, सुट्टीला आलेल्या लोकांच्या पेट्या उचलायच्या, मोर सांभाळायचे, यात काय सोनं लागलंय? तुझी बायको जिनेत वारल्यापासून त्या घरात एकटा कसाव्याचा कुआक आणि सुकी मासळी खात बसतोस. इथे माझ्या लेकीकडे मागची खोली रिकामी आहे. खिडकीतून नदी दिसते. सकाळी माझ्याबरोबर बाजारात यायचं, संध्याकाळी पत्ते खेळायचे. मी कधीपासून सांगतेय. म्हणजे बघ, पक्षी घेतलास तर माझाही हेतू साधतो आणि तुझाही मान राहतो.

त्या ब्रेताँ माणसाचं काय झालं ते मात्र तू लिहिलं नाहीस. मेला का?

बस रद्द होणार नाही. बायकांनी गाणंसुद्धा बसवलंय.

ताई

---

कुरू,
२ फेब्रुवारी

ती. ताई,

ब्रेताँ मेला नाही. आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस म्हणाला. दर नाताळाला मला कार्ड पाठवतो.

समितीचं उत्तर आलं. खाली उतरवून देतो: “आपला प्रांजळपणा वाचून सदस्यांचे डोळे पाणावले. स्वतःच्या चुका इतक्या निर्मळपणे सांगणारा माणूस आज विरळा. पुरस्कार आपल्याला एकमताने देण्यात येत आहे.”

करायला गेलो गणपती आणि झालं माकड!

नदीची खिडकी तुलाच लखलाभ. नदीत पाणी गढूळ असतं, आणि पत्त्यांत तू लबाडी करतेस. मला का नको ते विचारू नकोस. सांगून तुला कळणार नाही, आणि कळलं तर तू त्यावरही एक शिफारस लिहिशील.

एव्हारिस्त

---

कुरू,
९ फेब्रुवारी

ती. ताई,

तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहितोय, कारण माझ्या हातून घोटाळा झालाय. सांगायला दुसरं कुणी नाही.

शनिवारी नाचाला गेलो होतो. कार्निव्हलचा शनिवार, घरी बसून करणार काय! कोपऱ्यात उभा होतो. एक तुलुलू सरळ माझ्याकडे आली. जांभळा झगा, हातमोजे, मुखवटा, डोक्यावर टोपडं. चिमूटभर कातडी दिसत नव्हती. तिनं हात पुढे केला. तुलुलूनं हात पुढे केला की पुरुषाला नाही म्हणायची सोय नाही, तेव्हा गेलो.

दोन गिरक्या झाल्या नाहीत तोच ती चिरक्या आवाजात म्हणाली, “काय हो मोठे पुरस्कारवाले, पक्षी का नको तुम्हाला?”

मी म्हटलं, “तुला काय करायचंय?”

“सांगा की! मी कोण, तुम्हाला ठाऊक नाही. उद्या रस्त्यात दिसले तरी ओळखणार नाही. भिंतीला सांगता तसं सांगा.”

आणि ताई, मी सांगितलं. मुखवट्यापुढे माणसाची जीभ का सैल सुटते देव जाणे. म्हटलं, जिनेत गेली तेव्हापासून घर रिकामं आहे, आणि ते रिकामपण मला रोज खायला उठतं. कुणाकडे राहायला जाऊन ते जाईल असं लोकांना वाटतं, पण जिनेत तिथेही नसणारच. उड्डाणाचा दिवस तेवढा वेगळा. त्या दिवशी समुद्रावर एक होडी नसते, बेटावर एक माणूस नसतो. सगळं रिकामं. पण ते मी केलेलं असतं. एकेकाला हात देऊन मी बोटीत उतरवलेलं असतं, सगळे सुखरूप असतात, म्हणून ते रिकामं असतं. शेवटच्या माणसाला धक्क्यावर उतरवलं की मी हद्दीच्या खुणेपाशी बोट उभी करतो, इंजिन बंद करतो आणि बसतो. वर्षातून तेवढे काही दिवस मला रिकाम्याची भीती वाटत नाही. तेवढंच माझ्याकडून काढून घेऊ नका, म्हटलं.

ती गाणं संपलं तरी माझा हात धरून उभी राहिली, मग गर्दीत गेली.

आता घोटाळा ऐक. घरी येताना डोक्यात उजेड पडला. पुरस्काराचं इतकं विचारणारी ती कोण असणार? मादाम देल्कूर! दुसरं कोण? शिवाय ताल सारखा चुकत होता, म्हणजे नक्की फ्रान्सहून आलेली बाई. ज्या गोष्टी मी सख्ख्या बहिणीला सांगितल्या नाहीत, त्या समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या कानात ओतून आलो. आता तिला दया येईल, आणि दया आली की ती पक्ष्याबरोबर घड्याळही देईल.

एव्हारिस्त

---

सँ-लोराँ,
१६ फेब्रुवारी

चि. एव्हारिस्त,

मागचा आठवडा गुडघ्यानं धरला होता. शनिवारी तर मी अंथरुणातून उठलेच नाही, लेकीला विचार हवं तर. म्हणून उत्तराला उशीर.

ताल चुकत होता म्हणे! वयस्कर असेल बिचारी, गुडघा दुखत असेल. आपण काय पाऊल टाकतो ते आधी बघावं माणसानं.

त्या तुलुलूचा विचार सोडून दे. कार्निव्हलमध्ये बोललेलं कार्निव्हलबरोबर जळून जातं.

समारंभ ठरल्याप्रमाणे होणार. मी येणार, बस येणार. तुला यायचं तर ये, नाही तर बोट रंगव. पण एक कर. समितीला यापुढे एक ओळही लिहू नकोस. तू लिहिलंस की आपलं नुकसान होतं.

ताई

---

कुरू,
२० फेब्रुवारी

ताई,

म्हणजे तुला बस आणि झगा एवढंच दिसतं. मी इतकं काळीज उघडून लिहिलं, त्यावर तू गुडघ्याचं लिहिलंस.

मी येणार नाही. तुझा पक्षी तूच घे.

एव्हारिस्त

---

सँ-लोराँ,
८ मार्च

चि. एव्हारिस्त यास आशीर्वाद.

घेतला.

लोक तुला तिखटमीठ लावून सांगतीलच, त्याआधी माझ्याकडून ऐक. सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत सूट, मागे आपले लोक, मधे माझं गायनमंडळ. फिर्मँ हातात कागद घेऊन बसला होता. मी मागून डोकावून वाचलं. तुझे आभार, तुझं दीर्घायुष्य आणि शेवटच्या ओळीत ‘आमची नवी बोट’. तेव्हा तुझं पुराण खरं होतं. त्याबद्दल मी चुकले.

मादाम देल्कूर यांनी आपलं आडनाव पुकारलं, “बेलिझों!” मी उठले आणि झगा सावरत वर गेले.

त्या हळूच म्हणाल्या, “मादाम, भावाच्या वतीनं घेताय ना?”

“नाही. पाटीवर काय कोरलंय?”

“बेलिझों.”

“मग मीच की! लेक झाली तरी लग्न केलं नाही म्हणून बाबांनी जन्मभर डोकं खाल्लं, पण नाव माझं माझ्याजवळ राहिलं.”

“पण हा अवकाश उद्योगातल्या जीवनकार्याचा पुरस्कार आहे,” त्या म्हणाल्या. घाम फुटला होता बाईंना.

मी माइक ओढून घेतला. म्हटलं, “मी या गावात जन्मभर मास्तरीण होते. वर्गात दंगा करणाऱ्याला मी बाकावर उभं करून दहापासून उलटे आकडे म्हणायला लावत असे. ज्यांनी ज्यांनी ही शिक्षा भोगलीय, त्यांनी उभं राहा.”

एव्हारिस्त, अर्धं सभागृह उठलं! अग्निशमन दलाचा तो ढेरपोट्या, क्रेनवाला, रडारवाल्या दोघी बहिणी, वीजघराचे सगळे. फिर्मँ बसूनच होता. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तसा कागद खाली पडला आणि तोही उठला.

“म्हणा.”

दहा, नऊ, आठ करत शून्याला आले, आणि असा गजर झाला की छपरावरची वटवाघळं उडाली. जर्मन पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग. ते सगळ्यात जोरानं टाळ्या पिटत होते. मी म्हटलं, “कुरूला उलटं मोजायला कुणी शिकवलं, आता सांगा. आणि मी निवृत्त आहे. मला पक्षी दिलात तर माझी जागा कुणाला द्यायची हा प्रश्न येत नाही. माझ्या भावाचं जीवनकार्य संपलेलं नाही. त्याला रिकाम्या समुद्राची भीती वाटत नाही, कारण तो त्यानं स्वतः रिकामा केलेला असतो. असा माणूस मिळेल तेव्हा नवी बोट आणा.”

मादाम देल्कूर यांनी माझ्याकडे बघितलं, फिर्मँकडे बघितलं आणि पक्षी माझ्या हातात दिला. शहाणी बाई आहे. फिर्मँ नंतर मला म्हणाला, “बाई, आता मी त्याला निरोप कसा देऊ? पक्षीच उरला नाही.” मी म्हटलं, “तुझं तू बघ. गणितात तू कच्चाच होतास.”

परतीच्या बसमध्ये बायका गायल्या नाहीत. भावाचा मान लाटला, असं मागच्या बाकावर चाललं होतं. चालू दे. शराटी मी चुलीवरच्या फळीवर ठेवलीय. लांबून कोंबडी दिसते.

ताई

---

कुरू,
१९ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

काल उड्डाण झालं. बोट माझीच गेली.

आदल्या दिवशी फिर्मँ धक्क्यावर आला होता. पायानं दगड ढकलत म्हणाला, “तोंतों, यंदा तुम्हीच करा. पुढच्या जानेवारीत तुमचं नाव पुन्हा पाठवतो.” मी म्हटलं, “पाठव की, माझी बहीण अजून जिवंत आहे.” तेव्हा एक वर्ष मिळालं. ती पांढरी बोट ताडपत्रीखालीच आहे, आणि तिच्या एका इंजिनात पक्ष्यांनी घरटं केलंय. हे मात्र मी केलेलं नाही.

मासळीबाजारात सगळ्या बायका मला विचारतात, “बहिणीनं तुमचा पुरस्कार ढापला, खरं का?” मी सांगतो, खरं आहे, लहानपणी माझ्या ताटातला माशाचा गालही तीच ढापायची. त्यांना वाटतं मी तुझ्यावर चिडलोय. वाटू दे, बाजारात त्यामुळे मला मासळी स्वस्त मिळते.

सभागृहात तू रिकाम्या समुद्राचं जे बोललीस, ते मला क्रेनवाल्यानं शब्द न् शब्द सांगितलं. माझ्या पत्रात ते होतं, तेव्हा तुला ते तिथूनच कळलं असणार. पण मादाम देल्कूर मला परवा रस्त्यात भेटल्या. मी मान खाली घालून म्हटलं, त्या शनिवारच्या नाचाबद्दल माफ करा. तर त्या म्हणतात कशा, कार्निव्हलभर मी तुलूझला होते, आईचं ऑपरेशन होतं. मी तिथेच रस्त्यात उभा राहिलो. मग संध्याकाळी तुझ्या लेकीला फोन केला आणि त्या शनिवारचं विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, “मामा, तुलुलू कोण होती ते विचारत नसतात.” बरोबर आहे. म्हणून मी विचारत नाही. एवढंच सांगतो की दोनशे किलोमीटर दुखऱ्या गुडघ्यानं येऊन कुणी माझ्याशी नाचलं असेल, तर त्या बाईला मी तालाबद्दल जे बोललो ते मागे घेतो. आणि ताई, घरी येऊन मला रडू आलं. चांगलं रडू. जिनेतच्या वेळी आलं नव्हतं तसं.

काल इंजिन बंद करून बसलो होतो. रॉकेट वर गेलं, मागून आवाज आला, पाणी थरथरलं, मग सगळं शांत. मोर बोटीतच होता, मान उर्सुल त्याला विसरली होती. पहिल्यांदाच मला वाटलं की इथे शेजारी कुणी असतं तर मला चाललं असतं.

पुढचं उड्डाण जूनमध्ये आहे. बोटीत बाहेरच्या माणसाला घ्यायची परवानगी नाही, मी फिर्मँला विचारलं. पण बेटावर जो असेल त्याला बाहेर काढणं हे माझं कामच आहे, त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. तेव्हा तू चार दिवस आधी मान उर्सुलकडे येऊन राहा. मी खोली सांगून ठेवलीय. त्या दिवशी मी हाका मारीन तेव्हा लगेच येऊ नकोस. गुडघ्याचं निमित्त सांग, पेटी सापडत नाही म्हण, काहीही कर. आधी बाकीच्यांना पोचवून येतो, म्हणजे तुला धक्क्यावर उतरवायला वेळ उरणार नाही. तुला मी शेवटी नेईन.

तुझा,
एव्हारिस्त